डार्टमूरच्या माळावरचे मध्ययुगीन बांध कसे वाचावेत

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनमध्ये, डार्टमूर नावाचा ग्रॅनाइटचा उंच माळ आहे. ९५४ चौरस किलोमीटरचा हा मुलूख १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचं सर्वांत उंच ठिकाण, हाय विल्हेज, ६२१ मीटरवर आहे. वारा, धुकं, हेदरची खुरटी झुडपं, मेंढ्या आणि मोकळी हिंडणारी तट्टं. बघणाऱ्याला वाटतं, इथे नांगर कधी लागलाच नसेल. पण हिवाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ दिवशी ऊन तिरपं पडलं, की समोरच्या उतारावर आधी बांध उमटतात आणि मग बांधांच्या आतले सरी-वरंबेही दिसू लागतात.

तेराव्या शतकात या उतारांवर कुळं नांदत होती. ती ओट आणि राय ही धान्यं पिकवत आणि उन्हाळ्यात गुरं वर माळावर सोडत. चौदाव्या-पंधराव्या शतकांत त्यांतल्या बऱ्याच वस्त्या उठल्या. शेतं मात्र राहिली, कारण नंतर त्यांच्यावर कुणी खोल नांगरट केली नाही. सपाटीच्या इंग्लंडमध्ये अशी शेतं पुढच्या पिढ्यांनी नांगरून पुसून टाकली. इथे ती उघड्यावर पडून आहेत.

ती ओळखायची कशी, हे टप्प्याटप्प्याने सांगतो. ब्रिटनमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्यांना एका शनिवार-रविवारी सुरुवात करता येईल. पुण्या-नागपुरात बसलेल्यांनाही यातला पहिला मोठा टप्पा संगणकावर करता येतो. पुढच्या प्रत्येक टप्प्यामागे माझं एकच म्हणणं आहे: एकटा बांध आपलं वय सांगत नाही. दोन बांध जिथे भेटतात, तिथे कोण आधीचा आणि कोण नंतरचा हे कळतं. म्हणून सांधे शोधायला शिका.

आधी तीन थर डोक्यात ठेवा

डार्टमूरवर दिसणारा प्रत्येक जुना बांध मध्ययुगीन नसतो. ढोबळमानाने तीन थर आहेत.

सर्वांत खालचा थर कांस्ययुगाचा. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यावर इथल्या लोकांनी अख्खे डोंगरउतार समांतर दगडी बांधांनी वाटून घेतले. या बांधांना तिथे ‘रीव्ह’ म्हणतात. १९७०च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञांनी त्यांचा सखोल अभ्यास केला आणि एकेका रचनेचा पसारा केवढा आहे हे दाखवून दिलं. रीव्ह सरळ जातात. मध्ये ओढा आला, खोरं आलं, तरी पलीकडच्या उतारावर तीच रेघ पुढे चालू राहते.

मधला थर मध्ययुगाचा, आणि त्याला कायद्याची पार्श्वभूमी आहे. माळाचा मधला भाग राजाचं शिकारीचं रान होता. १२०४ मध्ये डेव्हनचा बाकीचा मुलूख रानाच्या कायद्यातून सुटला. डार्टमूर आणि एक्समूर हे दोन माळ तेवढे राहिले. १२३९ मध्ये तिसऱ्या हेन्रीने डार्टमूर आपल्या भावाला, कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड याला दिलं, आणि १३३७ पासून ते डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीकडे आहे. भोवतालच्या गावांना या रानात चराईचे हक्क होते, आणि रानाच्या आतही थोडी जुनी कुळं वसली होती. १२६० मध्ये एक्सेटरच्या बिशपने बॅबनी आणि पिझवेल इथल्या कुटुंबांना लांबच्या लिडफर्डऐवजी जवळच्या वाइडकमच्या चर्चला जायची परवानगी दिली. तेव्हा या उंचीवर बारमाही राहणारी माणसं होती, हे त्यावरून पक्कं कळतं.

सर्वांत वरचा थर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांचा. ‘न्यूटेक’ म्हणजे नव्याने बंदिस्त केलेली जमीन. हा हक्क जुना होता. रानातल्या जुन्या कुळाचा वारस गादीवर आला की त्याला आठ एकर माळ घेरता येई. पण आज जे न्यूटेक ठळक दिसतात ते नंतरचे: उंच, रेघ मारल्यासारखे सरळ गडगे, शेकडो एकर माळ वेढणारे. प्रिन्सटाउनच्या आसपास ते भरपूर आहेत. तिथला तुरुंग १८०६ ते १८०९ या काळात बांधला गेला, आणि माळ लागवडीखाली आणण्याची मोठी हौस त्याच पिढीची.

घरबसल्या करायची तयारी

माळावर जाण्याआधी दोन संध्याकाळी संगणकासमोर घालवा. जागेवर गेल्यावर आपण बांधाच्या इतके जवळ असतो की त्याचा आकार दिसत नाही.

पहिला आधार ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा १:२५,००० नकाशा, एक्सप्लोरर मालिकेतला ओएल २८. त्यावर प्राचीन अवशेषांची नावं गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापलेली असतात. अशा अक्षरांत ‘फील्ड सिस्टिम’ किंवा ‘मिडीव्हल व्हिलेज’ लिहिलेलं दिसलं की पेन्सिलीने खूण करा.

दुसरा आधार जुने नकाशे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे एकोणिसाव्या शतकातले सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे फुकट आहेत, आणि ते आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून बघता येतात. इथे एक सोपी चाळणी लावा. आज जमिनीवर बांध दिसतो आणि एकोणिसाव्या शतकातल्या नकाशावर तिथे काहीच नाही, तर तो बांध तेव्हाच मोडकळीला आलेला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा चालू असलेलं कुंपण मोजणीदाराने सहसा सोडलेलं नाही.

तिसरा आधार, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा, लायडार. विमानातून लेझरचे ठोके सोडून जमिनीची उंची मोजतात आणि त्यावरून उठावाचं चित्र तयार करतात. इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने एक मीटर जाळीची ही माहिती सर्वांना खुली ठेवली आहे. ती उतरवताना डीएसएम नको, डीटीएम घ्या. डीएसएममध्ये झाडंझुडपं आणि घरांची छपरं धरलेली असतात, डीटीएममध्ये ती वजा केलेली असतात.

क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन त्यात ‘हिलशेड’, म्हणजे तिरपा प्रकाश टाकून सावल्या दाखवणारं चित्र, तयार करा. त्यात ठरलेली मूल्यं असतात: प्रकाशाची दिशा ३१५ अंश, उंची ४५ अंश. ही उंची बुटक्या बांधांसाठी फार जास्त आहे. ती २० ते २५ अंशांवर आणा, आणि दिशा ४५-४५ अंशांनी फिरवत चार-पाच चित्रं काढा. प्रकाश ज्या दिशेने येतो तिला समांतर असलेला बांध त्या चित्रात जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून एकाच चित्रावर कधीही भिस्त ठेवू नये. तीव्र उतारावर सावलीत सगळंच बुडतं. तिथे ‘स्लोप’ हा पर्याय वापरा.

आता त्या चित्रांवर पारदर्शक थर टाकून दिसेल ती प्रत्येक रेघ काढा. तिला नाव देऊ नका, काळ लावू नका. फक्त रेघा. आणि दोन रेघा जिथे मिळतात किंवा एकमेकींना छेदतात, त्या प्रत्येक जागेला लाल ठिपका द्या. हे लाल ठिपके म्हणजे तुमच्या पायपिटीचा आराखडा. शेवटी डेव्हनची आणि डार्टमूर राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाची वारसा-नोंद ‘हेरिटेज गेटवे’ या संकेतस्थळावर शोधा आणि तिथे आधी काय नोंदलं आहे ते वाचा. हे काम रेघा काढून झाल्यावरच करा; आधी वाचलं तर नोंदीत आहे तेवढंच डोळ्यांना दिसतं.

कधी जावं

नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात ब्रॅकन नावाचं नेचं छातीएवढं वाढतं आणि त्याखाली गुडघाभर बांध सहज लपतो. हिवाळ्यात ते वाळून जमिनीवर झोपतं. दुसरं कारण ऊन. डार्टमूरच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर असतो, म्हणजे दिवसभर सावल्या लांब. पूर्व-पश्चिम धावणारे बांध तेव्हा दुपारी छान दिसतात, उत्तर-दक्षिण बांधांसाठी सकाळ किंवा दुपार उलटल्यानंतरची वेळ. पातळ बर्फ पडून वितळू लागलेलं असेल तर आणखी चांगलं: वरंबे मोकळे होतात आणि सऱ्यांत पांढरं उरतं.

हिवाळ्याच्या शेवटी शेतकरी काही ठिकाणी गोर्सची काटेरी झुडपं ठरवून जाळतात. अशा जळालेल्या पट्ट्यावर इतर वेळी अजिबात न दिसणारे दगड उघडे पडतात. तो पट्टा मिळाला तर आधी तिकडे वळा.

पहिला धडा हाउंड टॉरला घ्या

डोळा तयार करायला मॅनटन गावाजवळचं हाउंड टॉर हे ओस पडलेलं खेडं उत्तम. स्वॅलर्टन गेटजवळ गाडी लावून टॉरच्या (माथ्यावरच्या) कातळांना वळसा घालून खाली उतरलं की ते समोर येतं. जाळीसंदर्भ (ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावरच्या चौकोनी जाळीतला जागेचा क्रमांक) एसएक्स ७४६ ७८८. देखभाल इंग्लिश हेरिटेजकडे आहे आणि प्रवेश फुकट. १९६१ ते १९७५ दरम्यान मारी मिन्टर यांनी इथे उत्खनन केलं. अहवाल गाय बेरेसफर्ड यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. वस्ती केव्हा उठली याबद्दल अभ्यासकांची मतं चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या सुरुवातीपर्यंत आहेत.

आधी घरं बघा. इथली मुख्य घरं ‘लाँगहाउस’ पद्धतीची आहेत: एकाच लांबट छपराखाली वरच्या बाजूला माणसं, खालच्या बाजूला गुरं, आणि मध्ये आरपार जाणारी बोळ. घर उताराच्या दिशेने लांब बांधलेलं असतं, म्हणून गोठ्यातलं पाणी मधल्या गटारातून खाली बाहेर पडतं. ते गटार अजून दिसतं. चुलीची जागाही दिसते. धान्य वाळवायच्या भट्ट्या असलेली कोठारं शोधा. या हवेत ओलं पीक भट्टीशिवाय टिकत नव्हतं.

मग घरांकडे पाठ करा. बहुतेक लोक इथूनच परत फिरतात, आणि मला त्याची खरोखर खंत वाटते, कारण या खेड्याचा मोठा भाग भिंतींच्या बाहेर आहे. प्रत्येक घरालगत लहान आवार आहे. त्यापुढे शेतं. त्यांचे बांध धरून टोकापर्यंत चाला आणि परत या. बांध कुठे उंच होतो, कुठे सपाट होतो, कुठे वळतो, हे पायांना कळू द्या. इथे तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे: ही शेतं मध्ययुगीन आहेत. जिथे माहीत नाही तिथे जाण्याआधी ही ओळख हवी.

बांधाची जात कशी ओळखावी

बांधापाशी गेलात की आधी त्याचा आडवा छेद बघा. बांधावर काटकोनात उभे राहा, खाली वाका, आणि दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे का ते पाहा.

दोन्हीकडे सारखा, रुंद आणि बुटका, गवताखाली दगड, आणि लांबवर सरळ जाणारा असेल, तर रीव्हचा संशय घ्या. जवळपास त्याला समांतर दुसरा आणि तिसरा बांध आहे का ते शोधा. आसपास गोलाकार झोपड्यांची दगडी कडी दिसली तर संशय पक्का होत जातो.

एका बाजूला उभा आणि दुसऱ्या बाजूला सौम्य उतार असेल, तर थांबा. हा डार्टमूरचा खास बांध आहे, ‘कॉर्न डिच’. माळाच्या बाजूला खोल चर, चराला लागून दगडांनी बांधलेला उभा चेहरा, आणि शेताच्या बाजूला मातीचा हळूहळू चढत जाणारा उतार. राजाच्या रानात हरणांना अडवून ठेवणं चालत नसे. हरीण माळावरून आलं तर चर आणि उभी भिंत यांमुळे त्याला आत उडी घेता येऊ नये, आणि तरीही आत शिरलंच तर मातीच्या उतारावरून चढून सहज बाहेर पडता यावं, अशी ही रचना. असे बांध पुढेही बांधले गेले आणि दुरुस्त होत राहिले, म्हणून कॉर्न डिच दिसला की लगेच ‘तेरावं शतक’ लिहू नका. पण त्यातून एक गोष्ट निःसंशय मिळते: चर ज्या बाजूला आहे, त्या बाजूला बांधाच्या वेळी उघडा माळ होता. ही गोष्ट पुढच्या टप्प्यात फार कामाला येते.

उंच, माती न भरलेला, दोन्ही बाजूंनी उभा आणि सरळ गडगा बहुधा न्यूटेकचा. मात्र त्याचा पाया बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या बुटक्या बांधावर नवा गडगा चढवलेला असणं इथे नेहमीचं आहे. खालचे दगड मोठे, शेवाळलेले, अर्धवट मातीत रुतलेले आणि वरचे लहान, नीट रचलेले असतील, तर तुम्ही एकाच जागी दोन काळ बघत आहात.

सांधे

आता लाल ठिपक्यांकडे जा. प्रत्येक सांध्यापाशी पुढचे प्रश्न विचारा.

एक बांध दुसऱ्याला येऊन टेकतो का? पहिल्याचे दगड अखंड पुढे जातात आणि दुसरा त्याच्या अंगाला नुसता भिडून संपतो, तर भिडणारा नंतरचा. दोघांचे दगड एकमेकांत गुंतले असतील तर दोघे बरोबरचे. कोसळलेल्या दगडांनी हे झाकलेलं असतं, म्हणून सर्वांत खालचा थर दोन्ही बाजूंनी निरखा. दगड मात्र हलवायचे नाहीत.

सरी-वरंबे बांधापाशी काय करतात? बांधाच्या अलीकडे थांबून, वळायला जागा सोडून संपत असतील, तर नांगरताना तो बांध वापरात होता. बांधावरून सरळ पलीकडे जात असतील, तर नांगरणाऱ्याच्या लेखी तो बांध मेलेला होता. पहिल्या प्रकारात फसायला होतं. वरंबे बांधापाशी थांबले म्हणजे तो बांध त्याच लोकांनी घातला असं होत नाही. डार्टमूरवर मध्ययुगीन शेतकऱ्यांनी अडीच-तीन हजार वर्षं जुने रीव्ह आपल्या शेतांच्या हद्दी म्हणून खुशाल वापरले आहेत. होल्न मूरवर रीव्हच्या जाळ्यावर बसलेली मध्ययुगीन शेतं चांगली बघायला मिळतात. तिथे एका शेताची एक बाजू सरळ, रीव्हची, आणि बाकीच्या बाजू वळणदार, नंतरच्या, असं दिसतं.

शेताचा आकार पूर्ण आहे की अर्धा? उघड्या माळातून पहिल्यांदा घेरलेलं शेत बहुधा अंडाकृती असतं, कारण कमीत कमी बांधात जास्तीत जास्त जमीन त्यात मावते. नंतर त्याला लागून दुसरं शेत काढलं, की नव्याला एक बाजू आयती मिळते. त्यामुळे जुन्याची फुगीर बाजू नव्याच्या आत घुसलेली दिसते आणि नवं चंद्रकोरीसारखं त्याला बिलगतं. ज्याचा आकार स्वतःपुरता पूर्ण, ते आधीचं. लायडारच्या चित्रावर हे एका नजरेत कळतं, आणि जागेवर सांधा बघून खात्री करता येते.

आता कॉर्न डिचचा चर आठवा. दोन शेतांच्या मधल्या बांधाला जर एकीकडे बुजत आलेला चर असेल, तर तो बांध कधीकाळी शेवटचा होता. चराच्या बाजूचं शेत तेव्हा अस्तित्वात नव्हतं, तिथे माळ होता. अशा दोन-तीन बांधांमागून चालत गेलात, तर वस्ती माळावर कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्रमाने चढत गेली ते कागदावर मांडता येतं. हे मांडता आलं त्या दिवशी मला झालेला आनंद मी कुणालाही मनापासून चिंतीन.

वाटाही बघा. दोन बांधांच्या मधून जाणारी आणि माळाकडे रुंदावत जाणारी मोकळी पट्टी म्हणजे गुरं वर नेण्याची वाट. तिला दोन्हीकडची शेतं मान देतात की कुणी तिच्यावर अतिक्रमण केलं आहे, यावरूनही क्रम लागतो. बांधातल्या खिंडारापाशी मोठे उभे दगड असतील तर ते फाटक. कडा विस्कटलेल्या असतील तर कुणीतरी दगड उचलून नेले आहेत.

शेताच्या आत

सरी-वरंबे इथे फार उठावदार नसतात. बहुधा वीतभर उंची, कधी तीही नाही. मध्य इंग्लंडमधल्या, म्हणजे मिडलँड्समधल्या, बैलजोड्यांनी पाडलेल्या रुंद, उलट्या एस आकाराच्या पट्ट्यांची चित्रं डोक्यात घेऊन आलात तर निराशा होईल. डार्टमूरवरचे वरंबे पुष्कळदा अरुंद आहेत. अरुंद आणि अगदी सरळ वरंबे नंतरच्या काळात, बटाट्यासाठीही, पाडले गेले. म्हणून रुंदी मोजून ठेवा, पण काळ ठरवताना पुन्हा बांधाशी असलेलं नातंच तपासा.

उतारावर वेगळी खूण मिळते. नांगरलेली माती दरवर्षी थोडी खाली सरकते आणि खालच्या बांधाशी साठते. वरच्या बांधाच्या पायथ्याशी जमीन खचत जाते. अशी पायरी तयार होते. तिला ‘लिंचेट’ म्हणतात. चॅलकमच्या खोऱ्यात ग्रिम्सपाउंडजवळ अशा पायऱ्यांच्या पट्ट्या उतारभर आहेत. समोरच्या डोंगरावरून त्या बघाव्यात. जवळ गेल्यावर त्यांची लय कळत नाही. लिंचेट उंच आहे म्हणजे शेती जास्त काळ झाली असं म्हणण्याचा मोह होतो. पण उतार तीव्र असला तर थोड्याच वर्षांतही पायरी उंच होते. म्हणून उंचीबरोबर उताराचा कोनही लिहा.

वनस्पतीही बोलतात. ब्रॅकनला खोल, निचऱ्याची माती लागते, म्हणून ते जुन्या शेतांत माजतं आणि बऱ्याचदा बरोबर जुन्या बांधापाशी थांबतं. हेदर पातळ, आंबट जमिनीवर. लव्हाळ्यासारखं गवत ओल्या सऱ्यांत रांगेने उभं राहतं. ढिगाऱ्याभोवती खाजरं नेटल दाट असेल तर तिथे माणसं किंवा गुरं दीर्घकाळ राहिली असावीत. शेणामुतातून जमिनीत आलेलं फॉस्फेट नेटलला मानवतं, आणि ते शतकानुशतकं टिकतं.

फसवणाऱ्या खुणा

कथिलाच्या खाणकामाने डार्टमूरवर प्रचंड उलथापालथ केली. ओढ्याकाठी गाळ धुऊन टाकलेल्या दगडांचे समांतर ढीग दुरून वरंब्यांसारखेच दिसतात. ते खोऱ्याच्या तळाशी असतात आणि त्यांत माती जवळजवळ नसते, तेवढ्यावरून ओळखता येतात. पाण्याचे पाट, इथल्या भाषेत ‘लीट’, समपातळीत वळत जातात आणि त्यांचा बांध नेहमी खालच्या अंगाला असतो. मैलभर पाठलाग केला तरी उंची फार बदलत नाही. पीट, म्हणजे जळणासाठीची अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, कापून काढलेल्या खड्ड्यांच्या कडा चौकोनी आणि तीक्ष्ण असतात. भोवती चर असलेले सुटे लांबट उंचवटे ससे पाळण्यासाठी केलेले असतात, डिट्सवर्दी वॉरनला ते ढिगाने आहेत. आणि मोठे गोल किंवा वेडेवाकडे दगडी आवार कधीकधी गुरांचा कोंडवाडा असतो, शेत नव्हे. आत नांगरटीची एकही खूण नसेल तर हा विचार करा.

वस्ती का उठली, हे लिहिताना

इथे घाई करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. १३१५ ते १३१७चा दुष्काळ, १३४८-४९ची काळी महामारी, थंड आणि ओली होत गेलेली हवा: तिन्ही खरी आहेत, आणि तिन्ही प्रत्येक पडीक शेतावर चिकटवली जातात. स्कॉटलंडच्या लॅमरमूर टेकड्यांवर मार्टिन पॅरी यांनी १९७०च्या दशकात सोडून दिलेल्या शेतांची उंची आणि हवामान यांची सांगड घातली, तेव्हापासून हवामानाचं उत्तर लोकप्रिय आहे. हाउंड टॉरच्या भट्ट्याही बिघडत्या हवामानाचा पुरावा म्हणून सांगितल्या गेल्या. पण महामारीनंतर खालच्या खोऱ्यांत चांगली जमीन रिकामी पडली आणि मजुरी वाढली. उंचावरच्या कुळाला खाली जायला भूक किंवा पाऊस हेच कारण लागलं असेल असं नाही. वाइडकमजवळच्या डिना क्लार्क्स इथलं घर तर आगीत गेलं. उत्खननात भांडी जागच्या जागी आणि तिसऱ्या हेन्रीची एक पेनी मिळाली. त्या घराची गोष्ट त्या आगीची आहे.

शिवाय घर रिकामं पडलं म्हणजे शेतही त्याच वर्षी पडलं असं नसतं. शेजारचं कूळ ते कसत राहू शकतं, किंवा बांध तसाच ठेवून आत मेंढ्या सोडू शकतं. बांध तुम्हाला क्रम देतात. कारण द्यायला परागकण, कागदपत्रं आणि उत्खनन लागतं.

नोंद कशी करावी

फोनमधला जीपीएस आठ आकडी जाळीसंदर्भावर ठेवा. तो १० मीटरपर्यंत अचूक असतो, सहा आकडी फक्त १०० मीटरपर्यंत. प्रत्येक सांध्याचे दोन फोटो काढा, एक दुरून संपूर्ण संदर्भ दाखवणारा आणि एक जवळून, दोन्हींत मोजपट्टीची काठी. बांधाची रुंदी पायथ्याशी मोजा, उंची दोन्ही बाजूंनी वेगळी.

मग हाताने रेखाटन करा. फोटो काढून झाला की काम संपलं असं वाटतं, पण चित्र काढताना प्रत्येक रेघेबद्दल निर्णय घ्यावा लागतो आणि तेव्हाच न दिसलेलं दिसतं. उतार दाखवायला पाचरीसारख्या खुणा वापरतात: जाड टोक उताराच्या माथ्याशी, निमुळतं टोक पायथ्याकडे. कॉर्न डिच या पद्धतीने काढला की त्याची एकतर्फी घडण कागदावर लगेच कळते. रेखाटनाशेजारी प्रत्येक सांध्यासाठी एक वाक्य: ‘ब हा अ ला येऊन टेकतो, म्हणून ब नंतरचा.’ खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवा.

नियम आणि काळजी

१९८५च्या कायद्याने डार्टमूरच्या गायरानांवर पायी फिरायचा हक्क सर्वांना आहे, पण बंदिस्त शेतांत तो आपोआप मिळत नाही; तिथे मालकाची परवानगी घ्या. बरेच अवशेष १९७९च्या कायद्याखाली संरक्षित आहेत. तिथे खणणं किंवा परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. बांधावरून चालायचं टाळा, शेजारून चाला.

माळाच्या उत्तर भागात लष्कराचे गोळीबाराचे पट्टे आहेत. वेळापत्रक आधी बघा आणि लाल झेंडे असतील तर आत जाऊ नका. धुकं काही मिनिटांत उतरतं, म्हणून होकायंत्र आणि कागदी नकाशा हवाच. ब्रॅकनमध्ये गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो; पँट मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा साखळीला बांधून न्यावा, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी.

हाउंड टॉर झालं की दुसऱ्या दिवशी चॅलकमच्या पायऱ्या समोरच्या उतारावरून बघा, आणि तिसऱ्या खेपेला होल्न मूरवर रीव्ह आणि मध्ययुगीन बांध वेगळे काढायचा प्रयत्न करा. तिथे वारसा-नोंदीत नसलेला सांधा सापडला, तर रेखाटन, फोटो आणि जाळीसंदर्भ राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवा. सोबत तारीख, ऊन कसं होतं आणि झाडोरा किती होता हेही कळवा, म्हणजे दुसरा कुणी तीच जागा तपासायला गेला तर त्याला ती सापडेल.